सर्व्हर रूमचा मुहूर्त

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज सक्सेना साहेबांनी विश्वकर्मा पूजेची बैठक घेतली. दरवर्षी सतरा तारखेला आमच्या कारखान्यातली लेथ, क्रेन, भट्टीचे पंखे, सगळं बंद होतं आणि धुऊन-पुसून पूजेला बसतं. सर्व्हर रूम मात्र आजवर यातून वगळलेली असायची. जुने जीएम म्हणायचे, ते ऑफिसचं सामान आहे, त्याला राहू द्या. त्यांच्या जागी सक्सेना साहेब मार्चमध्ये आले. ते म्हणाले, "मशीन तो मशीन होती है, रामटेके जी. एक दिन का आराम उसका भी हक है." सगळे हसले. मीही हसलो.

मी सांगितलं की जुने तीन सर्व्हर पाच वर्षांत एकदाही पूर्ण थंड झालेले नाहीत. असं मशीन थंड झालं की पुन्हा उठेलच, असं नसतं. शिवाय ऑगस्टमध्ये आलेल्या दोन नव्या सर्व्हरमध्ये वेगळ्याच कंपनीचे प्रोसेसर आहेत. मी जुन्यांशी जुळणारे मागितले होते. खरेदीवाल्यांनी लवकर मिळतात म्हणून हे घेतले. त्यांच्यावर अजून मी काहीच चालवून पाहिलेलं नाही.

साहेब म्हणाले, "तो पूजा के बाद चलाकर देखिए. शुभ रहेगा."

मी आणखी जोर द्यायला हवा होता. दिला नाही, कारण मागच्याच आठवड्यात साहेबांनी स्वतः बोलावून सांगितलं की ऑक्टोबरअखेर माझा करार संपतो तेव्हा या वेळी ते माझं नाव पर्मनंटसाठी पाठवतील. अकरा वर्षं मी करारावर आहे, वय सेहेचाळीस. अशा वेळी माणूस वाद घालत नाही. मी गप्प बसलो ते समजूतदारपणा होता की भीती, हे इथे तरी खरं लिहावं. मला ठरवता येत नाही.

एक गोष्ट मात्र मागितली आणि मिळाली. अगरबत्ती, आरती दाराबाहेर. आत धुराचा सेन्सर आहे.

१७ सप्टेंबर, बुधवार

पूजा झाली. ताट सर्व्हर रूमच्या दाराबाहेर मांडलं, नारळ उंबऱ्यावर फोडला. मी आत एकेक मशीन बंद करत होतो. ते माझं कामच आहे, आणि खरं सांगायचं तर सोयीचंही आहे. हात जोडून उभं राहावं लागत नाही. आम्ही बौद्ध आहोत हे मी कधी लपवलेलं नाही. टिळा घेत नाही, प्रसादाची बुंदी घेतो. बाबा बुंदीही घेत नाहीत. त्यावरून आमचं जुनं भांडण आहे.

सक्सेना साहेब दारात आले आणि त्यांनी माझ्या कपाळाकडे अंगठा नेला. मी मागे सरलो. म्हटलं, "सर, मैं नहीं लगाता." ते थांबले, हसले, आणि तो टिळा त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या आमच्याच विभागातल्या नरेशला लावला. मग म्हणाले, "मशीन को तो लगा दें?" मी म्हटलं, दाराला लावा सर, रॅकला नको. कुंकू पंख्यात उडतं. त्यांनी दाराला लावलं.

सगळं नीट पार पडलं. मी उगाच धास्तावलो होतो.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी जुन्यांपैकी एक सर्व्हर उठला नाही. पॉवर सप्लाय गेला. उरलेल्या दोन जुन्यांत सगळं मावत नाही, म्हणून काही व्हर्च्युअल मशिनं नव्या सर्व्हरवर टाकली. हजेरीचं चाललं. ड्रॉइंगचं मशीन सुरू होता होताच निळा पडदा दाखवून पडलं. ट्रक तोलायच्या काट्याचं सुरू झालं, थोडं चाललं, आपोआप बंद पडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच.

काटा बंद म्हणजे गेटपास बंद. भिलाईच्या मोठ्या पोलाद कारखान्याकडे जायचे लोखंडी रोल भरलेले ट्रक फाटकापासून रस्त्यापर्यंत उभे. नरेश डोकं धरून बसला. "का करबो, सर?" तो घाबरला की छत्तीसगढीवर येतो. नेटवर्कचं काम त्याच्याकडे, सर्व्हर माझ्याकडे. तो मन लावून काम करणारा आहे. त्याला म्हटलं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बघायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर मशीन चालू होईल, पण कशामुळे झालं ते कधीच कळणार नाही.

कॅन्टीनमध्ये स्टोअरचे दोघं म्हणत होते, बिना टीके के बैठी थी, रूठ गई. मी चहा घेऊन परत आलो. लोकांना गंमत सुचते, ट्रक माझ्या डोक्यावर उभे आहेत.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

दिवसभर एकेक शक्यता मिटवली. मेमरी बदलली, तेच. नेटवर्क कार्ड बदललं, तेच. मग काट्याचं मशीन आहे तसं उचलून जुन्या सर्व्हरवर ठेवलं, भट्टीच्या नोंदींचं तासभर बंद ठेवून जागा केली. त्याहून जास्त वेळ ते बंद ठेवता येत नाही. काटा चालला. परत नव्यावर आणला, मेला. मशीन तेच, डेटा तोच. फरक फक्त खालच्या लोखंडाचा.

घरी बाबांनी विचारलं, नेमकं काय बिघडून राहिलं. बाबा मोठ्या कारखान्याच्या कोक ओव्हनमधून, कोळसा भाजायच्या भट्टीवरून, रिटायर झाले. त्यांना यंत्र समजतं, पण हे दिसत नाही म्हणून चिडतात. मी सांगितलं, एका खऱ्या सर्व्हरच्या पोटात आठ-दहा मशिनं असतात, नुसती सॉफ्टवेअरची. प्रत्येकाला वाटतं आपण एकटंच आहोत. त्यांना या सर्व्हरवरून त्या सर्व्हरवर नेता येतं.

"म्हंजे किरायदार," बाबा म्हणाले.

"हो, तसंच."

"मंग घर बदललं त कावून मरते? किरायदाराले त जुनं घर विसरा लागते."

मी म्हटलं, तेच शोधतो आहे.

दुपारी सक्सेना साहेब सर्व्हर रूममध्ये आले होते. दारात बूट काढले. आजवर कुणी काढले नव्हते. मी म्हटलं, सर, राहू द्या. ते रॅककडे बघत म्हणाले, "रामटेके जी, उस दिन आपने अंदर पूजा नहीं होने दी, ना?" मी सेन्सरचं सांगितलं. "हाँ, हाँ. सेंसर," ते म्हणाले. एवढ्या गडबडीत त्यांना ते लक्षात आहे याचं बरं वाटलं. कारण शोधायला असे तपशील लागतात.

२० सप्टेंबर, शनिवार

सापडलं.

पाच वर्षांपूर्वी ही यंत्रणा बसवणाऱ्याने प्रत्येक व्हर्च्युअल मशीनला खालचा प्रोसेसर जसाच्या तसा दाखवला होता. तिन्ही सर्व्हर सारखे होते, चाललं. त्या प्रोसेसरच्या काही खास सूचना काट्याच्या प्रोग्रामने अंगवळणी पाडून घेतल्या. नव्या सर्व्हरवर तो त्याच सूचना देतो, तिथे त्या कुणाला कळतच नाहीत, आणि प्रोग्राम जागच्या जागी पडतो. ड्रॉइंगच्या मशीनमध्ये तर जुन्या प्रोसेसरचा ड्रायव्हरच बसलेला आहे. ते पहिल्याच पायरीवर ठेचकाळतं.

उपाय म्हणजे दोन्ही जातीच्या प्रोसेसरमध्ये जेवढं समान आहे तेवढंच सगळ्यांना दाखवायचं. थोडं हळू चालेल, पण कुठेही चालेल. ड्रॉइंगचा तो ड्रायव्हर बंद करायचा. काट्याची एक कॉपी काढून तिच्यावर हे सेटिंग लावलं. नव्या सर्व्हरवर ती दुपारभर चालली. नरेशने टाळ्या वाजवल्या. "आप तो गुरु हो, सर!" मग खऱ्या मशिनांनाही सेटिंग लावलं. फक्त सुरू करायचं बाकी.

साहेबांना फोन केला. म्हटलं, आत्ताच सगळं चालू करतो.

"आज नहीं. सोमवार को नवरात्रि बैठ रही है, पंडित जी को बोल दिया है. पूजा अंदर होगी, उसके बाद चालू कीजिए."

मी ट्रकचं म्हटलं. तर फाटकावर हाताने चिठ्ठ्या लिहून ट्रक सोडायला त्यांनी सकाळीच सांगितलं होतं. म्हणाले, "मशीन तो चल जाएगी. स्टाफ का मन भी तो चलाना है ना." मग आवाज खाली आणून, अगदी आपुलकीने: "और रामटेके जी, यजमान आप बैठ जाइए. आपके हाथ से हो जाए तो बात यहीं खत्म."

मी उद्या सांगतो म्हटलं. कोणती बात, हे विचारायचं राहून गेलं.

२१ सप्टेंबर, रविवार

सकाळी घरात सांगितलं. बाबांनी कप खाली ठेवला. "त्यात उद्या सांगतो कायचं? नाई म्हणाचं."

बाबा आठ वर्षांचे असताना आजोबा त्यांना खांद्यावर, मग पायी, मग बैलगाडीत असं करत भंडाऱ्याकडून नागपूरला घेऊन गेले होते. छप्पन साल. बावीस प्रतिज्ञा बाबांना अजून क्रमाने पाठ आहेत. मलाही आहेत, पण मी त्या शाळेत पाढे शिकावे तशा शिकलो.

"पर्मनंट होऊ द्या त्याहीले, मामाजी," माझी बायको, सुजाता, बाबांना म्हणाली. "मंग रोज प्रतिज्ञा म्हना. अकरा वर्सं झाली मी याह्यच्या करारावर घर चालवून राहिली." मग माझ्याकडे वळून: "पन तुमाले येवढंबी समजत नाई का, तुमालेच कावून बसवून राहिले? दुसरं कोनी नाई का कारखान्यात?"

मी म्हटलं, सर्व्हर माझ्याकडे आहेत म्हणून.

"बिघडल्या कायनं?"

"प्रोसेसरच्या फरकामुळे."

"त्याहीले काय वाटते, कायनं बिघडल्या?"

मी म्हटलं, एखाद्याच्या मनात काय आहे याचा पुरावा नसताना तसं बोलू नये. आपणही मग त्यांच्यासारखेच होतो. ती पोळ्या लाटायला निघून गेली. बाबा म्हणाले, "पुरावा पायजे म्हंते. शिकवला ना आपनच."

मी बराच वेळ विचार केला. मग साहेबांना फोन करून स्पष्ट सांगितलं की मी बसणार नाही, माझ्या धर्मात ते नाही. पण पूजा होईपर्यंत मशीन बंद ठेवीन, आणि पूजेनंतर स्वतः चालू करीन. मला वाटलं ते रागावतील. ते लगेच म्हणाले, "बस, बस. इतना ही चाहिए था. आप अपनी जगह सही हैं."

फोन ठेवल्यावर हलकं वाटलं. प्रतिज्ञाही टिकली, कुणाचं मनही मोडलं नाही. बाबांना सांगितलं तर त्यांनी नुसतं "हं" केलं. त्यांचं समाधान कशानेच होत नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

पूजा आत झाली. सेन्सरवर प्लास्टिकची पिशवी बांधली होती, साहेबांच्या सांगण्यावरून नरेशने. यजमानही नरेशच बसला, नवा कुर्ता घालून. माझ्याकडे बघून ओशाळं हसला. मी बाहेर उभा होतो. रॅकला टिळे लावले, पंख्याच्या जाळीला फुलं खोचली. फुलं नंतर काढता येतात.

आरती संपली. ऑफिस, स्टोअर, शॉपफ्लोअर, सगळे दाटीवाटीने उभे. साहेब म्हणाले, "अब चालू कीजिए, रामटेके जी."

मी आत गेलो. काटा सुरू केला, हिरवा झाला. ड्रॉइंग, हिरवं. एकही अडखळलं नाही. मागून जयजयकार झाला, स्टोअरच्या एकाने रॅकला हात लावून तो डोळ्यांना लावला. साहेब माझ्याजवळ आले.

"देखा?"

मी म्हटलं, "जी सर." वाटलं, त्यांना सेटिंगचं म्हणायचं आहे.

२५ सप्टेंबर, गुरुवार

बिघाडाच्या कारणावर बैठक. मी फळ्यावर काढून समजावलं. जुना प्रोसेसर, नवा प्रोसेसर, समान भाग. साहेबांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी विचारलं, "सेटिंग आपने शनिवार को की?"

"जी."

"चालू कब हुआ?"

"सोमवार."

"पूजा के पहले कि बाद?"

मी म्हटलं, बाद में, पण सर, तुम्हीच थांबायला सांगितलं.

"मैंने तो मुहूर्त बताया था. रोककर आपने रखा, अपनी मर्जी से. फोन पर आपने ही कहा था." हे खरं होतं.

मी म्हटलं, शनिवारी कॉपी नव्या सर्व्हरवर दुपारभर चालली होती, नरेशला विचारा. सगळ्यांनी नरेशकडे पाहिलं. तो टेबलाकडे बघत म्हणाला, "कॉपी थी सर. असली वाली तो सोमवार को ही चली." हेही खरं होतं.

"तो बात साफ है," खरेदीवाले म्हणाले. "हमारे सर्व्हर में कोई खराबी नहीं थी."

मग कुणीतरी, कोण ते मी पाहिलं नाही, म्हणालं, सतरा तारखेलाच आत पूजा होऊ दिली असती तर ट्रक उभे राहिले नसते. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

घरी येताना स्कूटर पद्मनाभपूरच्या वळणावर थांबवली आणि तसाच बसून राहिलो. सेटिंग आणि पूजा. दोन बदल मी एकाच वेळी होऊ दिले. हे नरेशने केलं असतं तर मी त्याला झापलं असतं. शनिवारी संध्याकाळी बटण दाबलं असतं तर काटा पूजेच्या दोन दिवस आधी चालला असता आणि बोलायला कुणाला तोंड नसतं. पुरावा माझ्या हातात होता. मी तो सभ्यपणे बंद करून ठेवला.

२ ऑक्टोबर, गुरुवार

बाबांना घेऊन नागपूरला. दुर्गहून सकाळची गाडी, डब्यात निळे झेंडे, पांढरे कपडे, डोंगरगडपर्यंत उभं राहायला जागा नाही. बाबांना एका पोराने खिडकी दिली. त्यांनी विचारलं, "तुया मशीन चालू झाल्या ना?" मी मग सगळं सांगितलं. बैठकीचंही. आजूबाजूला लोक होते म्हणून हळू बोललो.

त्यांनी ऐकून घेतलं. गोंदिया गेलं. मग म्हणाले, "हात नाई जोडले तू. मानतो. पन त्याह्यची पूजा होयेपर्यंत हात बांधून उभा त राह्यला ना, राजू? त्याहीले तुये जोडलेले हात पायजेच नोयते."

मी म्हटलं, मला भांडण नको होतं.

"मले मालूम हाय. मीबी नाई भांडलो कोक ओव्हनमंदी. मले वाटे, पोरगं शिकन मंग भांडन."

दीक्षाभूमीवर गर्दी फार होती. बाबांना स्तूपाच्या आत नेता आलं नाही. बाहेरून वंदन केलं. मी प्रतिज्ञा म्हणायला लागलो आणि मध्येच चुकलो. बाबांनी दुरुस्त केलं नाही.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

साहेबांनी बोलावलं. चहा मागवला. म्हणाले, तुमच्या ज्ञानाबद्दल कुणालाच शंका नाही. पण शॉपफ्लोअरच्या माणसांना आता तुम्ही सर्व्हर रूममध्ये गेलात की धाकधूक होते. "मैं खुद इन बातों को नहीं मानता. लेकिन चलाना तो सबको साथ लेकर पड़ता है." नरेशला पर्मनंट करून सर्व्हर रूम त्याच्याकडे. मला सहा महिन्यांचा नवा करार, फाटकावर, काट्याच्या केबिनमध्ये. तिथे कॉम्प्युटर समजणारा माणूस हवाच होता.

मी सही केली.

करायला नको होती, हे मला माहीत आहे. पण सेहेचाळिसाव्या वर्षी भिलाईत सर्व्हर सांभाळायची दुसरी जागा कुठे आहे, तेही माहीत आहे. सुजाताला सांगितलं तेव्हा वाटलं ती म्हणेल, मी सांगितलंच होतं. ती म्हणाली, "डब्बा किती वाजता लागन आता?"

मी अजूनही शोधतो आहे. सक्सेना साहेब एक शब्द वावगा बोलले नाहीत. कुणीच बोललं नाही. मशीन असतं तर नोंदी काढून दाखवल्या असत्या की कुठल्या क्षणी काय पडलं. इथे सगळं हिरवं दिसतं आणि मी फाटकावर आहे. हे त्यामुळेच झालं असं बाबांसारखं ठामपणे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि नाही झालं म्हणायला आता लाज वाटते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळपासून काट्याची स्क्रीन गोठलेली. सर्व्हर रूममधून नरेशचा फोन आला. बंद पडलेल्या जुन्याच्या जागी आणखी एक नवा सर्व्हर आला आहे, काटा त्याच्यावर टाकला आणि मेला. घाईत त्याने नवी कॉपी जुन्याच सेटिंगवर काढली होती. "सर, प्लीज."

मी फोनवर एकेक पायरी सांगितली. त्याने लावली. चाचणीची कॉपी चालवून बघ म्हटलं. चालली. त्याचा श्वास सुटलेला मला फोनवर ऐकू आला.

"आता असली वाली चालू कर," मी म्हटलं. "इथे गाड्या उभ्या आहेत."

त्याने दार लोटल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "साहब ने पंडित जी को बुलाया है सर. शाम को आएँगे. तब तक बंद ही रखता हूँ. आप बुरा मत मानना. मेरा अभी नया-नया है."

मला त्याच्यावर रागावता आलं नाही. त्याच्या जागी मी काय केलं होतं ते मला माहीत आहे. म्हटलं, ठीक आहे.

खिडकीवर टकटक झाली. रायपूरकडचा ड्रायव्हर होता, गळ्यात गमछा. "बाबूजी, काँटा खराब है क्या?"

"नहीं," मी म्हटलं. "ठीक हो गया है. पूजा के बाद चलेगा."

त्याने मान डोलावली, त्यात विचारण्यासारखं काहीच नाही अशी, आणि गाडीखालच्या सावलीत गमछा अंथरून आडवा झाला.